नऊ माणसे, तीन पिढ्या आणि किदानी व्हिलेजमधील बिऱ्हाड

सांगलीहून आलेले आईबाबा, पुण्याहून आलेल्या सासूबाई, टेक्सासमधली बहीण व तिचे यजमान, आम्ही दोघे आणि आमची अकरा व चार वर्षांची मुले अशा नऊ जणांनी गेल्या जूनमध्ये फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये सहा रात्री मुक्काम केला. जागा निवडताना आम्ही एकच कसोटी लावली होती. दुपारी दोन वाजता मुले उद्यानात हुंदडत असतील आणि वडीलधारी मंडळी पाय भरून आले म्हणून परतलेली असतील, तेव्हा त्यांना त्या चार भिंतींत करमेल का? प्रवेशद्वारापासूनचे अंतर आम्ही त्यानंतरच पाहिले आणि हा क्रम योग्य होता असे आजही वाटते.

या कसोटीवर दोन लोकप्रिय पर्याय मागे पडले. कंटेम्पररी हॉटेलच्या इमारतीतून मोनोरेल जाते आणि मॅजिक किंगडम या उद्यानापर्यंत चालतही पोहोचता येते. परंतु तेथील साध्या खोल्या घ्यायच्या तर नऊ जणांची विभागणी करावी लागते आणि एकत्र बसायला जागा उरत नाही. आर्ट ऑफ ॲनिमेशन या हॉटेलमधील फॅमिली स्वीटमध्ये सहा जण राहू शकतात, न्हाणीघरे दोन आहेत आणि जेवणाच्या टेबलाचाच रात्री पलंग होतो, ही सोय लहान कुटुंबाला उत्तम आहे. मात्र तेथे मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज असला तरी शेगडी नाही. ज्या घरात सकाळचा चहा उकळूनच व्हावा लागतो, त्या घराचा निर्णय येथेच होतो.

म्हणून आम्ही ॲनिमल किंगडम लॉज या डिस्नेच्याच हॉटेलच्या किदानी व्हिलेज या भागातील दोन शयनगृहांचा व्हिला घेतला. त्यात नऊ जणांच्या झोपण्याची सोय आहे: एका खोलीत मोठा पलंग, दुसरीत दोन पलंग, आणि दिवाणखान्यात उघडून पलंग होणारा सोफा व तशीच एक खुर्ची. खुर्चीचा पलंग चार वर्षांच्या मुलाला पुरला. प्रौढ माणसाने त्यावर झोपू नये. खरी चैन तिसऱ्या न्हाणीघराची आहे. अंघोळ आणि स्तोत्रे झाल्याशिवाय पाणीही न पिणाऱ्या सासूबाई आणि उद्यानाची बस गाठण्याची घाई असलेली मुले एकाच वेळी तयार होऊ शकली, यापेक्षा मोठी शिफारस मला सुचत नाही. स्वयंपाकघरात शेगडी, ओव्हन, मोठा फ्रिज, भांडी आणि ती घासणारे यंत्रही होते. कुकर तेवढा आम्ही बॅगेतून नेला होता. कपडे धुण्याचे व वाळवण्याचे यंत्र घरातच असल्याने सामान निम्मे झाले.

गॅलरी प्राण्यांच्या कुरणाकडे उघडणारी घेतली. ती महाग पडते, पण येथे काटकसर करू नये. सकाळी चहाचे कप घेऊन बाहेर आलो की झेब्रे चरताना दिसत आणि एखादा जिराफ संथपणे पुढून जाई. बाबांचे लहानपण आटपाडीकडे खिल्लार बैलांच्या संगतीत गेले. भल्यामोठ्या शिंगांची आफ्रिकी आंकोले गुरे पाहून ते पहिल्या दिवशी तासभर हलले नाहीत. खिल्लाराचे शिंग सडपातळ आणि डौलदार असते, हे शिंग म्हणजे नुसता सोट आहे, असा निर्वाळा त्यांनी दिला आणि नंतर रोज दुपारी त्याच खुर्चीत बसून राहिले.

खालच्या मजल्यावरील सना या उपाहारगृहात आफ्रिकी आणि भारतीय पद्धतींचा मेळ घातलेले जेवण मिळते. पाच प्रकारच्या रोट्या आणि नऊ तोंडीलावणी असे एक ताट तेथे प्रसिद्ध आहे. लसणाचे लोणचे आईला पसंत पडले. नानाला मात्र तिने पोळीचा दर्जा दिला नाही.

आता उणी बाजू. येथून कोणत्याही उद्यानाकडे जायचे तर बस हेच एकमेव सार्वजनिक साधन आहे. मोनोरेल किंवा स्कायलायनर (डिस्नेचा रोपवे) येथे येत नाही. इमारत लांबलचक व वळणदार असल्याने टोकाची खोली मिळाली तर स्वागतदालनापर्यंतच मोठी चाल होते. वाहनतळ इमारतीच्या खालीच असून मुक्कामी पाहुण्यांना विनामूल्य आहे, त्यामुळे गाडी सोयीची ठरते. पण नऊ जण सात आसनांच्या गाडीत मावत नाहीत, हा हिशोब आधीच करावा. उद्यानात भाड्याने मिळणारी चाकाची खुर्ची त्या उद्यानाबाहेर नेता येत नाही, म्हणून आईसाठी ती आम्ही बाहेरून सहा दिवसांसाठी मागवली.

आरक्षणाबाबत अधिक सावध राहावे. थेट डिस्नेकडे केवळ खोली घेतल्यास सुरुवातीला एका रात्रीचे पैसे भरावे लागतात आणि ठराविक मुदतीपर्यंत आरक्षण रद्द करता येते. मात्र दिसणाऱ्या दरावर साडेबारा टक्के कर वेगळा पडतो. दुसरा मार्ग म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लबच्या सभासदाचे पॉइंट भाड्याने घेणे. या क्लबचे सभासद डिस्नेच्या रिसॉर्टमध्ये दरवर्षी राहण्याचा हक्क आधीच विकत घेतात आणि तो पॉइंटमध्ये मोजला जातो. सभासदांना आपल्या मूळ रिसॉर्टमध्ये अकरा महिने आधी आणि इतरत्र सात महिने आधी जागा राखता येते, आणि दर बराच कमी पडतो. परंतु हे पैसे बहुधा परत मिळत नाहीत आणि अशा मुक्कामात रोजची साफसफाईही नसते. ज्यांचे आईवडील भारतातून येणार आहेत, त्यांनी व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर उमटल्याखेरीज या मार्गाला जाऊ नये.

आम्ही पॉइंट एका मध्यस्थामार्फत घेतले आणि तेथे मनस्ताप झाला. त्याने आरक्षणात नऊपैकी दोघांचीच नावे घातली. हॉटेलच्या पाहुण्यांना लायटनिंग लेनची, म्हणजे पाळण्यांसाठीच्या पैसे भरून मिळणाऱ्या छोट्या रांगेची, वेळ सात दिवस आधी राखता येते, पण त्यासाठी प्रत्येकाचे नाव आरक्षणाला जोडलेले असावे लागते. आईच्या पासपोर्टवर मधले नाव बाबांचे असल्याने मध्यस्थाला तेच आडनाव वाटले. चार ईमेलनंतर दुरुस्ती झाली, तेव्हा मुदतीला एक दिवस उरला होता. नावे पासपोर्टप्रमाणे लिहून द्यावीत आणि पुष्टिपत्र येताच स्वतः मोजून पाहावीत.

पुढच्या खेपेस घर हेच, पण आरक्षण थेट आणि लिफ्टजवळच्या खोलीची विनंती नोंदवून, असे आमचे ठरले आहे. विशिष्ट क्रमांकाची खोली राखून मिळत नाही, हे दोनदा सांगूनही बाबांनी निघताना दारावरचा आकडा डायरीत उतरवून घेतला.