फायफॉक्स ॲप: मागाची फणी फोनवर

वडगावात आमच्या भिंतीला लागून यंत्रमागाची शेड आहे. सकाळी माग सुरू झाले की मांडणीवरची पातेली खुळखुळतात. हे खुळखुळणं एकदा मोजूनच बघावं म्हणून फायफॉक्स घेतलं. जर्मनीतल्या आखनच्या विद्यापीठानं केलेलं, फुकट. फोनमधल्या सेन्सरवरून कंपनांचा आलेख काढतं.

फोन शेडच्या फरशीवर ठेवला. शेडवाले अण्णा म्हणाले, "बाई, मागाचा ईसीजी काढायलाय काय?"

घड्याळ लावून ठोके मोजले, मिनिटाला १२० च्या आसपास. म्हणजे सेकंदाला २, २ हर्ट्झ. पण आलेखात शेंडा एकच नाही. २, ४, ६, ८ असे ओळीनं दात, पार १० च्या पुढं. धोट्याला बसणारा फटका गुळगुळीत नसतो, त्यामुळं पटीतली कंपनंही उठतात. अण्णांनी स्क्रीन बघितला नि म्हणाले, "ही तर फणी की!" गंमत म्हणजे लायगोतले, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या वेधशाळेतले शास्त्रज्ञही अशा दातांना कंगवाच म्हणतात. त्यांच्याकडं तो बरेचदा इलेक्ट्रॉनिक्समधून येतो आणि फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) लहरी शोधताना आड येतो.

दहावीच्या पोरांना मला हेच दाखवायचं होतं. लायगोची भुजा ४ किलोमीटरची, आणि तिच्या लांबीतला पकडायचा फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाएवढा. ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लोलकावर टांगलेत, तरी १० हर्ट्झच्या खाली जमिनीचीच थरथर वरचढ ठरते. २०१७ मध्ये लायगोच्या हॅनफर्ड केंद्रात डोमकावळे नळीवरचा बर्फ टोचत होते, तेसुद्धा नोंदीत उतरलं! म्हणून तिथं जागोजागी कंपनमापक आणि माइक बसवलेत. खडखड त्यांनाही ऐकू आली तर ती आकाशातली नव्हे. आमच्याकडं ही साक्ष लाईटनं दिली. दुपारी लाईट गेली, फणी पुसली गेली, पोरं ओरडली, "अण्णांचीच!" हिंगोलीत औंढ्याजवळ लायगो-इंडिया होणार म्हटल्यावर अण्णांचा पहिला प्रश्न, "तिथं माग हाईत काय?"

रेल्वे गेटापासून जरा लांब उभं राहून मालगाडी पकडायला गेले, ते मात्र जमलं नाही. माझ्या जुन्या फोनच्या सेन्सरची खरखरच जास्त. त्यासाठी ॲपचे गुण कापणार नाही, ५ पैकी ५. फक्त ॲपमध्ये नमुन्यांची (सेन्सरच्या मोजमापांची) संख्या वाढवून घ्या, नाहीतर दात एकमेकांत मिसळतात. आणि फोन हातात धरू नका, सरळ फरशीवर ठेवा.