ईएसपी३२ बोर्ड : उन्हाळा-पावसाळा वापरून झाल्यावर

घरी इलेक्ट्रॉनिक्सचे प्रकल्प करू पाहणाऱ्याला पहिला बोर्ड म्हणून मी आता ईएसपी३२च सुचवतो, म्हणजे आपला प्रोग्रॅम टाकून सेन्सर वाचायला आणि उपकरणं चालवायला वापरायचा छोटा वायफाय बोर्ड. गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजून खालचा पंप चालू-बंद करण्याचं काम आमच्याकडे दोन बोर्ड उन्हाळ्यापासून करताहेत. पावसाळ्यात लाइट कितीतरी वेळा गेली, पण आली की दोघंही आपापलं काम पुन्हा सुरू करतात.

किंमत चारशे रुपयांच्या आसपास. मी पुण्यात तपकीर गल्लीतून घेतले. तेवढ्यात २४० मेगाहर्ट्झचे दोन कोअर, ५२० केबी रॅम, वायफाय आणि ब्लूटूथ मिळतं. नवशिके सहसा ज्याच्यावर शिकतात त्या आर्डुइनो उनो आर३ बोर्डाची रॅम २ केबी आहे, यावरून अंदाज यावा. प्रोग्रॅम मात्र त्याच आर्डुइनो आयडीईमधून (कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर) टाकता येतो, त्यामुळे आधीचं शिकलेलं वाया जात नाही.

दोन बोर्डांमधलं बोलणं ईएसपी-नाऊने, म्हणजे बोर्डांनी एकमेकांना थेट वायरलेस निरोप पाठवायच्या पद्धतीने होतं. त्याला राउटर लागत नाही, म्हणून नेट बंद असलं तरी टाकी भरते. पंपाजवळच्या बोर्डाला दोन मिनिटं वरून निरोप आला नाही, तर तो पंप बंद करतो. ही अट प्रत्येकाने घालावीच. रिले मॉड्यूलवरच्या छोट्या निळ्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) पंप थेट जोडू नका. मोटर सुरू होताना ओढते तो करंट त्याला झेपत नाही. त्या रिलेने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटरसाठीच्या दणकट स्विचची, कॉइल चालवावी. २३० व्होल्टचं वायरिंग मी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं.

पिनांचा नकाशा छापून टेबलासमोर लावावा असा आहे. ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटच्या, त्यांना आतला पुलअपही (मोकळी पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) नाही. बोर्ड सुरू होताना १२ नंबरची पिन हाय असेल तर तो बूटच होत नाही. रिलेसाठी २५, २६, २७ निर्धास्त वापरा. सगळ्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, आणि टाकीतली पातळी प्रतिध्वनीवरून मोजणाऱ्या, ५ व्होल्टवर चालणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरच्या एको पिनवरचा सिग्नल ५ व्होल्टचा येतो. मध्ये व्होल्टेज कमी करणारा १ किलोओम आणि २ किलोओम रेझिस्टरांचा डिव्हायडर हवाच. त्याच्या वॉटरप्रूफ प्रकाराला जवळचं वीसेक सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही, म्हणून तो पूर्ण भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा तेवढा वर बसवावा लागतो.

खरा कस लागतो तो बॅटरीवर. बाल्कनीतल्या कुंड्यांच्या ओलाव्यासाठी तिसरा बोर्ड लावला आहे. डीप स्लीपमध्ये, म्हणजे दोन रीडिंगच्या मधल्या गाढ झोपेत, चिप सुमारे १० मायक्रोअँपिअर घेते हे खरं, पण तो आकडा नुसत्या चिपचा. डेव्हलपमेंट बोर्डावर पॉवरचा एलईडी, यूएसबीची चिप आणि बहुतेक वेळा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३वर आणणारी चिप) असतो, आणि हे तिघं झोपत नाहीत. माझ्या मल्टिमीटरवर झोपेतला करंट ९ मिलिअँपिअर दिसला. म्हणजे २५०० मिलिअँपिअर-तासांचा सेल काहीही न करता अकरा-बारा दिवसांत संपणार. शिवाय त्या रेग्युलेटरला आउटपुटपेक्षा जवळपास एक व्होल्ट जास्त लागतो, आणि लिथियम सेल पूर्ण चार्ज असतानाही ४.२ व्होल्टच देतो. वायफाय सुरू होताना करंट उसळतो, व्होल्टेज पडतं आणि बोर्ड रीसेट होत राहतो. त्या वेळी दोष प्रोग्रॅममध्ये शोधत बसू नये.

उपाय अवघड नाही. डेव्हलपमेंट बोर्डाऐवजी नुसतं ईएसपी३२चं मॉड्यूल घ्यायचं, झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांचा सर्किट बोर्ड) एचटी७८३३सारखा कमी ड्रॉपआउटचा, म्हणजे आउटपुटपेक्षा थोडंच जास्त व्होल्टेज लागणारा, रेग्युलेटर लावायचा आणि ३.३ व्होल्टच्या रेषेवर ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्यायचा. मॉड्यूलच्या पिना जवळजवळ असतात, बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न हवा. मला हे सोल्डर करताना सगळ्या प्रकल्पात सर्वाधिक मजा आली.

ओलाव्याचा सेन्सर ३२ किंवा ३३वर जोडा. एडीसी म्हणजे व्होल्टेजचा आकडा करणारा चिपमधला भाग; त्यातल्या एडीसी-२च्या पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत, आणि ईएसपी-नाऊही तोच रेडिओ वापरतं. एडीसी दोन्ही टोकांना सरळ रेषेत वाचत नाही. कोरडी माती आणि भिजलेली माती यांची आपली रीडिंग घेऊन मर्यादा ठरवली की कुंड्यांपुरतं भागतं. अचूक व्होल्टेज मोजायचं असेल तर वेगळी एडीसी चिप घ्यावी.

पुढच्या कुंड्यांसाठी ईएसपी३२-सी३ घेणार आहे. एकच कोअर, १६० मेगाहर्ट्झ, पण यूएसबी चिपच्या आतच आहे. झोपेत करंट खाणारा तेवढा एक वाटेकरी कमी.