पॉली मरे की कॉन्स्टन्स मॉटली: नाटक कुणावर करावं?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्री वकिलावर नाटक बसवायचं म्हटलं की ही दोन नावं आधी पुढे येतात. निवड करताना थोरवी तोलत बसू नका, हाताशी नट किती आणि वेळ किती ते बघा.

मोठा नटसंच आणि दोन अंक असतील, तर मॉटलीबाई. सुप्रीम कोर्टात १० खटले चालवून ९ जिंकलेल्या. जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला फक्त गोऱ्यांच्या मिसिसिपी विद्यापीठात प्रवेश मिळवून देणारा त्यांचा खटला म्हणजे तयार दुसरा अंक: कोर्टाचा हुकूम, अडवणारा गव्हर्नर, ३० सप्टेंबर १९६२ च्या रात्रीची दंगल, दोन मृत्यू. वेशभूषाकाराला मात्र आधीच सांगून ठेवा, तिकडे वकील काळा झगा घालत नाहीत, तो न्यायाधीशांचा. १९६६ मध्ये मॉटलीबाई फेडरल (केंद्रीय) न्यायाधीश होतात, तेव्हाच तो अंगावर चढू दे. अडचण एकच. बाई कायम शांत, ठाम. लेखक कच्चा असेल तर नाटकाचा सत्कार समारंभ होतो.

एकांकिका किंवा एकपात्री असेल, तर माझं मत डोळे झाकून मरे यांना. हॉवर्ड विद्यापीठाचा लॉ क्लास, वर्गात बाई एकटीच. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवलं तरी सोयी समान असल्या की झालं, असा सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल होता; त्यातल्या ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावरच थेट घाव घाला, असं त्या म्हणाल्या आणि वर्ग हसला. त्यांनी प्राध्यापक स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी दहा डॉलरची पैज लावली: पंचवीस वर्षांत तो निकाल उलटेल. शाळांमधल्या वर्णभेदाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं ते तत्त्व मोडीत काढलं १९५४ मध्ये, म्हणजे दहाच वर्षांत. आणि त्या खटल्याच्या तयारीत रॉबिन्सन यांनी मरे यांचाच जुना निबंध वापरला होता, हे मरे यांना कित्येक वर्षांनी कळलं. याहून चांगला शेवट लेखकाला कुठून सुचणार?

मोह होईल तो सगळंच कोंबण्याचा: १९४० ची बसमधली अटक, राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्याशी पत्रव्यवहार, १९७७ मधलं धर्मगुरुपद. तसं केलंत तर बायोडेटा होईल. पण एक गोष्ट गाळू नका. तरुणपणी मरे स्वतःला पुरुष मानत आणि पुरुषी हार्मोन मिळावेत म्हणून डॉक्टरांचे उंबरे झिजवत. हे पेलणारी नटी नसेल, तर सरळ मॉटली करा.

दोघींचीही आत्मचरित्रं आहेत. उतारे वापरणार असाल तर तालमीआधी परवानगी मागा.