वाटीतली मोहरी: सायाथस स्ट्रायेटस की स्टरकोरियस?

सोलापूरकडं पावसाळ्यात शेणखताच्या ढिगावर, कुजक्या काटक्यांवर सेंटिमीटरभर उंचीच्या वाट्या दिसतात. आत मोहरीएवढी चपटी 'अंडी', म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. हीच घरटी-बुरशी, सायाथस; स्ट्रायेटस आणि स्टरकोरियस या तिच्या दोन जाती. खायची नाहीच, पण ओळखायला फार सुंदर! पावसाचा थेंब पडला की अंडी उडून लांब जातात.

वाटीच्या बाहेरची लव दोन्ही जातींना असते, तिच्यावर विसंबू नका. भिंगातून आतली भिंत पाहा: उभ्या रेघा असतील तर स्ट्रायेटस, अंडी राखाडी. गुळगुळीत असेल तर बहुधा स्टरकोरियस, अंडी काळीभोर.

नुसत्या जागेवरून ठरवलं की चूक होते; स्टरकोरियस शेणाबरोबर काड्याकचऱ्यावरही येते. वाटीवर पांढरा पडदा असेल तर आतली भिंत दिसायला वाटी ब्लेडनं उभी चिरा. वाळून मिटली असेल तर आधी पाण्यात भिजवा.