सिंहगडाच्या धुक्यासाठी ३०० जीएसएम कॉटन कागद

जलरंगात ओल्यावर ओलं, म्हणजे भिजलेल्या कागदावर ओल्या रंगाने आकाश रंगवायचं तर शंभर टक्के कॉटन, कोल्ड प्रेस (किंचित खरखरीत पोताचा), ३०० जीएसएम (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) जाड कागदच घ्या. साध्या सेल्युलोज (लाकडाच्या लगद्याच्या) कागदावर दुसरा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर दिला की खालचा रंग उचलला जातो. कॉटन कागदावर मात्र सिंहगडामागच्या डोंगररांगांचे तीन-चार थर स्वच्छ बसतात. मे महिन्यात पर्वतीवर बसणार असाल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवा, नाहीतर अर्धं आकाश आधीच वाळून मधे कडक रेघ उमटते.

खरी गोची पावसाळ्यात. दमटपणाने सायझिंग (रंग पटकन शोषला जाऊ नये म्हणून कागदाला दिलेली खळ) मरतं, मग रंग टीपकागदासारखा शोषला जाऊन ठिपके पडतात. त्यामुळे हवाबंद पिशवी आणि सिलिका जेल हवंच. किंमत बोचते खरी! पण ५६ × ७६ सेंमी शीटचे चार तुकडे होतात, आणि फसलेल्या चित्राची मागची बाजूही चालते.