झॅबिक्स की प्रोमिथियस? स्टोरेजच्या अलर्टपुरतं सांगतो

महाप्याच्या एमआयडीसीत आमचं सेफचं (Ceph) क्लस्टर आहे, म्हणजे अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून केलेलं एकच स्टोरेज. त्याच्यावर नजर ठेवायला आधी तीन वर्षं झॅबिक्स होतं, गेलं दीड वर्ष प्रोमिथियस आणि त्याचे अलर्ट पाठवणारं अलर्टमॅनेजर आहे. ऐरोलीला नवीन स्टोरेज उभं करणाऱ्या एका जुन्या सहकाऱ्याने परवा विचारलं, यातलं काय घेऊ? त्याला फोनवर सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितो.

झॅबिक्सची बाजू भक्कम आहे, हे आधीच सांगतो. जुन्या स्टोरेज बॉक्सचे एसएनएमपी ट्रॅप (उपकरणाने स्वतःहून पाठवलेल्या सूचना), यूपीएस, स्विच असं सगळं एका जागी येतं. टेम्प्लेट लावलं की पहिल्याच दिवशी आलेख दिसायला लागतात. शिफ्ट बदलताना कोणता प्रॉब्लेम कोणी ॲक्नॉलेज केला (म्हणजे ‘पाहिला’ अशी नोंद केली), काय शेरा मारला, हे समोर असतं. अलर्टमॅनेजरमध्ये ॲक्नॉलेज हा प्रकारच नाही, सायलेन्सच्या (अलर्ट ठरावीक वेळ गप्प ठेवण्याच्या) कमेंटवर भागवावं लागतं. आणि प्रोमिथियस मुळात 15 दिवसांचाच डेटा ठेवतं. वर्षभराचा आलेख हवा तर मुदत वाढवा, डिस्क द्या. डिस्क कधी भरेल याचा अंदाज दोन्हीकडे काढता येतो, त्यावरून निवड करू नका.

माझा निर्णय झाला तो झॅबिक्स असतानाच्या, जुलैतल्या एका रात्री. पहाटे सव्वादोनला एक नोड (क्लस्टरमधला एक सर्व्हर) बंद पडला, त्यात 12 ओएसडी (एकेक डिस्क सांभाळणारे सेफचे प्रोसेस). तसं घाबरायचं कारण नव्हतं. प्रत्येक डेटाच्या तीन प्रती वेगवेगळ्या नोडवर होत्या, आणि सेफ दहा मिनिटं वाट बघून बंद ओएसडी बाहेर काढतं, मग उरलेल्यांवर प्रती पुन्हा भरायला घेतं. पण फोन थांबेना. नोड पिंगला उत्तर देत नाही, एजंट बंद, मग एकेका ओएसडीचा वेगळा मेसेज, नंतर पोर्ट. 41 मेसेज आले. घणसोलीच्या घरी, अर्धवट झोपेत, मी ते एकगठ्ठा ॲक्नॉलेज केले.

त्यातला एक दुसऱ्याच नोडचा होता. एका डिस्कचे पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) वाढले होते. तो मला सकाळी साडेनऊला, ऑफिसात पोचल्यावर दिसला. एक प्रत नोडबरोबर गेलेली, आणि दुसरी ज्या डिस्कवर होती प्रती पुन्हा भरायला तिचंच वाचन रात्रभर चाललेलं. डेटा वाचला, पण त्या सकाळी माझे हात गार पडले होते.

झॅबिक्समध्ये डिपेंडन्सी येते, हे मला मान्य आहे. नोड गेला की त्याच्या डिस्कचे ट्रिगर (अलर्ट उठवणाऱ्या अटी) गप्प ठेवता येतात. पण ती ट्रिगरागणिक बांधायची असते, आणि आमच्याकडे नव्या नोडवर ती बांधायची राहिली होती. तुमची शिस्त आमच्यापेक्षा चांगली असेल तर ही अडचण कदाचित येणारही नाही.

अलर्टमॅनेजरमध्ये इनहिबिशनचा एक नियम लिहिला: नोड डाउनचा अलर्ट वाजत असेल तर त्याच नोडचं लेबल असलेले ओएसडीचे अलर्ट पाठवू नकोस. नवा नोड आला की लेबलामुळे तोही नियमात येतो. बाकीचे अलर्ट 30 सेकंद थांबून एका गटात, एकाच मेसेजमध्ये येतात. फक्त एक लक्षात ठेवा, सेफच्या ओएसडी मेट्रिकवर (मोजमापांवर) नोडचं नाव नसतं. ते मेटाडेटाच्या मेट्रिकशी जोडून आणावं लागतं, नाहीतर नियम लिहूनही काही दबत नाही. हे उमगायला माझा अख्खा दिवस गेला.

मार्चमध्ये पुन्हा एक नोड गेला. फोन दोनदा वाजला: एकदा नोडसाठी, एकदा क्लस्टर हेल्थ वॉर्नमध्ये (इशाऱ्याच्या स्थितीत) गेल्याचं सांगायला. दोन्ही नीट वाचले.

जुने बॉक्स जास्त असतील आणि चोवीस तास शिफ्टमध्ये माणसं बसत असतील, तर झॅबिक्स घ्यायला माझी ना नाही. सेफ असेल आणि रात्रीचा फोन एकट्यालाच येणार असेल, तर मी प्रोमिथियसच म्हणेन. आमच्या यूपीएस-स्विचवर झॅबिक्स अजून आहे आणि राहणार आहे. ओएसडीचे मेसेज तेवढे तिथून बंद केलेत.