प्रबंधासाठी क्रोएशिया घ्यावा की तिमोर-लेस्ते?

दिंडोरीकडची एक विद्यार्थिनी गेल्या आठवड्यात दोन फायली घेऊन कॉलेज रोडवर माझ्याकडे आली. एलएलएमच्या (कायद्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधाचा विषय ठरला होता: एखादा देश प्रादेशिक संघटनेत दाखल होतो तेव्हा कायद्याच्या अंगाने काय काय घडतं. अडलं होतं उदाहरणापाशी. २०१३ मध्ये युरोपीय संघात गेलेला क्रोएशिया घ्यायचा, की ऑक्टोबर २०२५ मध्ये आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झालेला तिमोर-लेस्ते (पूर्व तिमोर)? हाच पेच आणखी कुणाला पडला असेल, म्हणून तिला जे सांगितलं ते इथे मांडतो.

आसियानची सनद, म्हणजे तिचा मूळ करार, आधी वाचावी, एका संध्याकाळी होते. डिसेंबर २००८ पासून ती लागू आहे. कलम ६ मध्ये प्रवेशाच्या चार अटी आहेत: देश आग्नेय आशियात असावा, सर्व सदस्यांची त्याला मान्यता असावी, सनद पाळायला तो राजी असावा आणि जबाबदाऱ्या पेलण्याची त्याची कुवत व तयारी असावी. परराष्ट्रमंत्र्यांची समन्वय परिषद शिफारस करते, राष्ट्रप्रमुखांची शिखर परिषद सर्वसहमतीने निर्णय घेते. म्हणजे अडवायला एका देशाचा नकारही पुरेसा. तिमोर-लेस्तेने २०११ मध्ये अर्ज केला, तत्त्वतः होकार २०२२ मध्ये मिळाला. मधल्या अकरा वर्षांत खरा प्रश्न होता तो चौथ्या अटीचा. पण ‘कुवत’ मोजायची कशी, हे सनद सांगत नाही. प्रबंधाला ही जागा फार चांगली आहे.

अडचण कागदपत्रांची. चर्चा बंद दाराआड होतात, शिवाय तिमोरचे कायदे मुख्यतः पोर्तुगीजमध्ये आणि आसियानचं कामकाज इंग्रजीत. पोर्तुगीज येत नसेल तर निम्मा प्रबंध दुसऱ्यांच्या सारांशावर उभा राहील.

क्रोएशियाकडे उलट कागदांचा डोंगर आहे. युरोपीय संघाच्या करारातलं कलम ४९ छोटंसं, पण त्यामागे १९९३ चे कोपनहेगन निकष (सदस्यत्वासाठीच्या राजकीय-आर्थिक अटी) आणि वाटाघाटींची विषयवार ३५ प्रकरणं. प्रत्येक प्रकरण उघडायला आणि मिटवायला सगळ्या सदस्यांचा होकार लागतो. पुढे युरोपीय संसदेची संमती, मग एकेका सदस्य देशाचं अनुमोदन. क्रोएशियाचा अर्ज २००३ चा, वाटाघाटी २००५ ला सुरू, आणि मध्येच पिरानच्या उपसागरातल्या सीमेवरून शेजारच्या, आधीच सदस्य असलेल्या स्लोव्हेनियाने गाडं अडवलं. सीमावाद त्या ३५ प्रकरणांत कुठेच नाही, तरी त्यापायी वाटाघाटी थांबल्या. अटी कागदावर कितीही नेमक्या असोत, एकमताच्या अटीतून राजकारण आत येतंच, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

खरा फरक मात्र आत गेल्यावर दिसतो. आसियानचे करार देशात कसे आणायचे ते ज्याची त्याची राज्यघटना ठरवते, वाद सोडवायला आसियानचं कोर्ट नाही. युरोपात १९६४ च्या कोस्टा खटल्यात युरोपीय न्यायालयाने दिलेल्या निकालापासून संघाचा कायदा देशी कायद्यावर वरचढ.

ही विद्यार्थिनी द्राक्षबागायतदाराची मुलगी, तिला हे समजावायला वेळ लागत नाही. फळांवर राहणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या उर्वरित अंशाच्या मर्यादा २००५ च्या युरोपीय नियमाने ठरतात आणि त्या प्रत्येक सदस्य देशात थेट लागू होतात, तिथल्या संसदेला वेगळा ठराव करावा लागत नाही. २०१० मध्ये सीसीसीच्या (वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या) अंशावरून आपली द्राक्षं युरोपात अडकली, तेव्हा कंटेनर शेजारच्या सदस्य देशात वळवून सुटका नव्हती. मर्यादा सगळीकडे तीच. क्रोएशिया १ जुलै २०१३ ला आत गेला आणि ती तिथेही लागू झाली.

बाहेर पडण्याचं थोडक्यात: युरोपात कलम ५० आहे, ब्रिटन त्याच वाटेने गेलं. आसियानच्या सनदेत तशी तरतूदच नाही.

पोर्तुगीज येत असेल किंवा मुत्सद्देगिरीत रस असेल तर तिमोर-लेस्ते बेलाशक घ्या, त्यावर अजून फार लिहिलं गेलेलं नाही. बाकीच्यांना, आणि हातात एकच वर्ष असणाऱ्यांना, मी क्रोएशियाच सांगेन. पण सगळी ३५ प्रकरणं अंगावर घेऊ नका. तिने बारावं निवडलं, अन्नसुरक्षा आणि वनस्पती आरोग्याचं. छाटणीच्या दिवसांत घरी जाईल तेव्हा वडिलांची फवारणीची वहीही सोबत आणणार आहे.